कॅनॉलमधनं शेततळ्यात आलेल्या बारक्या शिंपल्या, अमेरिकेत माजल्यात त्या ह्याच का?

हुक्केरी_ऊसवाला

मंडळी नमस्कार, प्रश्न जरा वेगळाच आहे, हसू नका. आमची जमीन हुक्केरी तालुक्यात. हिडकल धरणाच्या कॅनॉलला पाणी सुटतं तेव्हा कृषी होंड्यात, म्हणजे शेततळ्यात, भरून ठेवतो आणि तिथनं ड्रिपला सोडतो. परवा मोटर चालू केली तर पाणीच धरेना, फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाण्यात बुडालेल्या पायपेच्या टोकाची झडप, वर काढून बघतोय तर जाळीत आणि फ्लॅपच्या फटीत बारक्या शिंपल्या अडकलेल्या. पिवळट-तपकिरी रंग, हरभऱ्यापासनं अंगठ्याच्या नखाएवढ्या, पाठीवर ओळीनं गोल रेघा, आणि कवच असलं टणक की बोटानं दाबून फुटत नाही. मग सँड फिल्टरचं झाकण काढलं तर तिथं पण, वाळूत रुतून बसलेल्या, जित्या.

रात्री यूट्यूबवर शोधत बसलो तर एशियन क्लॅम म्हणून एक व्हिडिओ लागला, तिकडं नद्या, तळी, कारखान्यांच्या पायपा सगळं ह्यांनी भरलंय म्हणे आणि एकदा घुसल्या की निघतच नाहीत. दिसायला डिट्टो आमच्यासारख्या. तेव्हापासनं डोक्याला भुंगा लागलाय.

त्यात आमच्या शेजाऱ्यानं मोत्याची शेती करतो म्हणून टाकी बांधलीय आणि बाहेरच्या राज्यातनं शिंपल्या मागवल्यात, तिथनं आल्या काय असा पण संशय. औषध दुकानवाला म्हणतोय मोरचूद टाक, धाकटा भाऊ म्हणतोय ब्लीचिंग पावडर. होंड्यात थोडे कटला-रोहू सोडलेत ते मरायला नकोत. तर ह्या त्याच का, आणि करू काय? आणि शेवटचं, खाल्ल्या तर चालतील काय ओ?

खानापूर_घाटमाथा

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिलं देतो. आमच्याकडं गोव्याचा शेजार, तिसऱ्याचं सुकं म्हटलं की भाकरी दोन जास्तच जातात, पण तुमच्या होंड्यातल्या नकोत. शिंपली पाणी गाळूनच जगते, पाण्यात जे असेल ते थोडं थोडं तिच्या अंगात साठतं, आणि उसाच्या पट्ट्यातल्या पाण्यात काय काय असतं ते तुम्हाला मी सांगायला पाहिजे होय? शिवाय नखाएवढ्या शिंपलीत मांस निघणार केवढं. फोडणीचं तेल वाया.

मास्तर_टिळकवाडी

ऊसवाले, मोरचुदाची पिशवी आधी बाजूला ठेवा. मी कॉलेजात झूलॉजी शिकवायचो, आता रिटायर्ड, त्यामुळं उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

वर्णनावरनं तुमची शिंपली कॉर्बिक्युला कुळीतली. त्रिकोणाकडं झुकणारा आकार, जाड कवच, पाठीवर ठळक रेघा ही तिची खूण. पण ह्या कुळीतल्या स्ट्रायाटेला आणि पेनिन्सुलॅरिस ह्या जाती दख्खनच्या नद्यांतल्याच आहेत, कुणी आणून सोडलेल्या नाहीत. अमेरिकेत माजलीय ती कॉर्बिक्युला फ्लुमिनिया, मूळची चीन, कोरिया, आग्नेय आशियाकडची. जवळची भावकी आहे, म्हणून व्हिडिओत बघितलं की आपलीच वाटते. नुसत्या फोटोवरनं ह्यांच्या जाती सांगणारा कुणी भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, कवचाचा आकार पाण्यागणिक बदलतो, भल्याभल्यांची त्यात गल्लत होते.

तिकडं काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. १९२४ मध्ये कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर रिकामी कवचं मिळाली, १९३८ मध्ये वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीत जिवंत शिंपल्या. चिनी लोकांनी खायला म्हणून नेल्या असाव्यात असं मानतात. तिथनं पुढच्या चाळीसेक वर्षांत अमेरिकेच्या ह्या किनाऱ्यापासनं त्या किनाऱ्यापर्यंत पोचल्या. वाळू-खडीच्या गाड्या, गळाला लावायचं आमिष, बोटीच्या तळाला साठलेलं पाणी, जे मिळेल त्याच्यावर बसून गेल्या. फ्रान्स-पोर्तुगालमध्ये १९८० च्या सुमारास, आयर्लंडच्या बॅरो नदीत २०१० मध्ये.

एवढ्या फास्ट कशा? आपली मोठी शिंपली बघा, लांबट, काळपट, तळहाताएवढी, तिला लॅमेलिडेन्स म्हणतात. तिच्या पिल्लांना माशाच्या कल्ल्याला नाहीतर पराला चिकटून काही दिवस काढावेच लागतात. योग्य मासा नाही मिळाला तर पिल्लू मेलं, विषय संपला. फ्लुमिनियाला ही भानगडच नाही. एकाच अंगात नर-मादी दोन्ही, जोडीदार लागत नाही, पिल्लं स्वतःच्या कल्ल्यात वाढवते आणि जेमतेम पाव मिलिमीटरची तयार पिल्लं थेट पाण्यात सोडते. एकच शिंपली तळ्यात पडली तरी वंश चालू. चौरस मीटरला हजारोंनी मोजल्यात लोकांनी. पिल्लू एक चिकट धागा सोडतं आणि प्रवाहाबरोबर कुठंही जातं.

म्हणून तुमच्या होंड्यात कॅनॉलच्या पाण्याबरोबर बारकी पिल्लं येणं ह्यात नवल काही नाही. शेजाऱ्याचं नाव उगंच घेऊ नका, निदान ह्या बाबतीत तरी. मोत्याची शिंपली लांबट मोठी असते, ही ती नव्हेच.

एक मात्र आहे, आशियातली शिंपली म्हणजे आशियात गरीब असं धरून चालू नका. जपानमध्ये मिसो सूपमध्ये शिजिमी म्हणून बारक्या शिंपल्या घालतात, १९८० च्या दशकात चीन-कोरियाकडनं जित्या आणायला लागले, त्यातनं ही फ्लुमिनिया ओढ्या-पाटांत सुटली आणि त्यांची स्वतःची माशिजिमी तिथनं हटायला लागली. म्हणजे शेजारच्या देशातली असली तरी घात करतेच.

पंपहाऊस_गोकाक

मास्तरांनी जन्मकुंडली मांडली, मी पायपांचं सांगतो, कारण आयुष्य त्यातच गेलंय.

१९८० मध्ये अमेरिकेत अर्कान्सा राज्यातल्या अणुवीज केंद्रात ह्याच फ्लुमिनियानं थंड पाण्याच्या लाइनी तुंबल्या, युनिट बंद ठेवायला लागलं. पुढच्या वर्षी त्यांच्या अणू नियामक आयोगानं देशातल्या सगळ्या केंद्रांना आपापल्या लाइनी तपासायचा हुकूम काढला. कॅलिफोर्नियात डेल्टा-मेंडोटा म्हणून मोठा कॅनॉल आहे, त्याच्या तळाला शिंपल्या आणि त्यांनी धरून ठेवलेला गाळ एवढा साठला की पाणी काढून उपसा करायला लागला. आणि सगळ्यात भारी किस्सा वाळूचा. ओहायो आणि टेनेसी नदीतनं बांधकामाला वाळू-खडी काढायचे, तिच्यात जित्या शिंपल्या यायच्या, काँक्रीट ओतलं की आत गाडलेल्या शिंपल्या वर यायला धडपडायच्या आणि घट्ट होता होता स्लॅबमध्ये भोकं राहायची. शिंपलीनं काँक्रीट पाडलं म्हटलं तर आपल्याकडचा कुठला काँट्रॅक्टर मानेल? उलट बिलात सबब म्हणून लावेल.

आता तुमचं. आपल्या देशी शिंपलीनं फुटव्हॉल्व्ह अडकला तरी त्रास तोच की, जात कुठली का असेना. फुटव्हॉल्व्ह तळाला टेकवून ठेवू नका, रिकामा कॅन बांधून तरंगता ठेवा, तळापासनं दीड-दोन फूट वर राहिला पाहिजे, शिंपल्या तळातच असतात. सँड फिल्टरची वाळू एकदा पूर्ण काढून कडक उन्हात पसरा, दोन-चार दिवस चांगली वाळू द्या, नुसतं बॅकवॉश करून, म्हणजे उलटं पाणी सोडून, मोठ्या निघत नाहीत, जड असतात, तिथंच बसतात. फिल्टरच्या पुढं १२० मेशचा डिस्क फिल्टर असेल तर बारकं पिल्लू तिथं अडतं, लॅटरलमध्ये, म्हणजे ड्रिपच्या बारक्या नळ्यांत, जात नाही. नसेल तर आधी तो बसवा, बाकी खर्च नंतर. सबमेनच्या, म्हणजे त्या नळ्यांना पाणी देणाऱ्या पायपेच्या, शेवटचं टोपण उघडून फ्लश करत जा.

ब्लीचिंगचं म्हणाल तर क्लोरीनचा वास लागला की शिंपली कवच मिटून घेते आणि दिवसेंदिवस तशीच बसते. तुम्ही एकदा डबा ओतणार, ती आत आरामात, मरणार तुमचे कटला-रोहू. मोठ्या प्लँटमध्ये बारीक डोस आठवडेच्या आठवडे चालू ठेवतात तेव्हा कुठं फरक पडतो, ते बंद पायपात जमतं, तळ्यात नाही. मोरचूद त्याहून वाईट, मासे जातील, पाण्यातलं बाकीचं जिवंत जे काय असेल ते पण जाईल, आणि समजा शिंपल्या मेल्याच सगळ्या एकदम, तर ते मांस कुजून पाण्यात अमोनिया होणार आणि ऑक्सिजन खाली येणार. एप्रिल-मे मध्ये पाणी तापलेलं असताना तर होंडा वासानं उठवेल.

नेचरवाली_बेळगाव

मला एक कळत नाही, शिंपल्या पाणी गाळतात ना, मग पाणी स्वच्छच होतंय की, त्यात पर्यावरणाचं नुकसान कुठं आलं? कुठंतरी वाचलेलं की अमेरिकेत एका नदीचं पाणी शिंपल्यांमुळं नितळ झालं. कृपया मास्तरांनी सांगावं.

मास्तर_टिळकवाडी

ताई, वाचलेलं बरोबर आहे, ती पोटोमॅक नदी, वॉशिंग्टन शहराजवळची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं फ्लुमिनिया वाढली, पाणी नितळ झालं, तळापर्यंत ऊन पोचलं आणि नाहीशी झालेली पाणवनस्पती परत आली. हे खरं आणि ते नाकारायचं कारण नाही.

पण गाळलं म्हणजे काय केलं? पाण्यातलं बारीक शेवाळ, सूक्ष्म जीव खाल्ले. त्याच्यावरच माशांची पिल्लं जगतात, आपली देशी शिंपली पण त्याच्यावरच. सगळं एकीनं ओरपलं तर बाकीच्यांनी काय खायचं? आणि खाल्लेल्याचा मळ तळाला, म्हणजे पाण्यातलं खत सगळं एका जागी. अमेरिकेत लेक टाहो म्हणून काचेसारख्या पाण्याचा सुप्रसिद्ध तलाव आहे, तिथं २००२ मध्ये ही सापडली, आणि जिथं जिथं शिंपल्यांची दाटी तिथंच हिरव्या शेवाळाचे झुबके उठायला लागले. म्हणजे पाणी वरनं नितळ आणि काठाला घाण. मग त्यांनी तळावर रबरी चादरी अंथरल्या, खाली ऑक्सिजन पोचू नये आणि शिंपल्या गुदमरून मराव्यात म्हणून. चादरीखालचं बाकीचं पण मरतंच, आणि मोठ्या तलावात हे किती ठिकाणी करणार.

शिवाय कडक उन्हाळ्यात पाणी तापून कमी झालं की ह्या हजारोंनी एकदम मरतात, पंपहाऊसनी सांगितलं तो अमोनिया नदीत होतो, आणि त्यात सगळ्यात आधी जातात देशी शिंपल्यांची कोवळी पिल्लं. हद्द म्हणजे फ्लुमिनिया स्वतः काही महिन्यांत परत भरून काढते, देशी शिंपलीला तेवढं व्हायला वर्षं लागतात.

निपाणी_मोतीवाला

मोत्याच्या शेतीवर सगळे घसरायच्या आधी आमचं पण ऐका. आम्ही वापरतो ती लॅमेलिडेन्सच, देशी शिंपली, भुवनेश्वरच्या सरकारी संस्थेनं तंत्र शिकवलंय, आम्ही काय चीनमधनं मागवत नाही. वर्ष-दीड वर्ष शिंपली सांभाळायची, मोत्यासाठी आत मणी बसवायचं ऑपरेशन केलं की निम्म्या त्यातच मरतात, मोती निघाले तर निघाले, दर ठरवणारे वेगळेच. त्यात आता नद्या बिघडवल्याचा आरोप पण आमच्यावर काय? ऊसवाल्यांच्या शेजाऱ्यानं शिंपल्या आणल्या तर त्यानं नियम कुठला मोडला ते सांगा आधी.

मास्तर_टिळकवाडी

मोतीवाले, आरोप कुणी केला नाही, मी तर त्या शेजाऱ्याला सोडवलंच. पण शिंपली देशी आहे म्हणून ट्रकमधलं सगळंच देशी असतं असं नाही ना. तिच्या कवचाला काय चिकटलंय, पोत्यातल्या ओल्या चिखलात काय आहे, बॅरलच्या पाण्यात काय पोहतंय? पाव मिलिमीटरचं पिल्लू डोळ्याला दिसणार आहे का कुणाच्या?

युरोपात असंच झालं. चिनी कार्प मासे पाळायला आणले, त्यांच्या कल्ल्यांना चिनी तळ्यातल्या मोठ्या शिंपलीची, सिनानोडोंटाची पिल्लं चिकटलेली होती. मासे तळ्यात सोडले, पिल्लं गळून खाली पडली, आणि आज ती शिंपली हंगेरी-रोमानियापासनं इटली-फ्रान्सपर्यंत पसरलीय. आपणही ग्रास कार्प, सिल्व्हर कार्प १९५९ मध्ये बाहेरनंच आणलेत. मत्स्यबीज कुठनं येतं हे विचारायची सवय आपल्याला अजून नाही, पिशवीत पिल्लं वळवळतायत एवढं बघितलं की पैसे देतो.

खरी भीती मला वेगळ्या एकीची वाटते, तिला गोल्डन मसल म्हणतात, लिम्नोपर्ना फॉर्च्युनेई. ती वाळूत रुतत नाही, धाग्यांनी दगडाला, गेटला, पायपेच्या आतल्या अंगाला चिकटते, एकीवर एक थर. चीनकडची, १९९१ मध्ये जहाजाच्या पाण्यातनं दक्षिण अमेरिकेच्या ला प्लाटा खाडीत उतरली, २००१ मध्ये आत इताइपूच्या महाकाय जलविद्युत धरणापर्यंत पोचली, आणि २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात सापडली. केरळात सध्या तिची लांबची नातेवाईक चारू मसल, मायटेला, हिनं अष्टमुडी आणि वेंबनाड खाडीत उच्छाद मांडलाय, तिथल्या क्लॅम काढणाऱ्यांच्या पोटावर पाय आलाय. ती मात्र मचूळ पाण्यातली, आमच्या घटप्रभेत जगायची नाही, म्हणून त्या बातम्या फॉरवर्ड करून घाबरवू नका.

तेव्हा ऊसवाले, फुटव्हॉल्व्हच्या बाहेरच्या अंगाला, पायपेला केसासारख्या धाग्यांनी चिकटलेली शिंपली कधी दिसली तर ती फेकू नका, डबीत स्पिरिट घालून ठेवा, तारीख-जागा लिहा आणि मत्स्य खात्याला नाहीतर एखाद्या झूलॉजी डिपार्टमेंटला दाखवा. आणि मोतीवाले, तुम्ही फक्त एवढं करा, नवीन माल आला की कवच ब्रशनं घासून वेगळ्या टाकीत थोडे दिवस ठेवा, आणि टाकीचं पाणी ओढ्याला सोडू नका, झाडांना घाला.

निपाणी_मोतीवाला

ब्रशनं घासतो की आम्ही, ऑपरेशनच्या आधी घासायलाच लागतंय. पाण्याचं बघतो. ओढ्यालाच जातंय सध्या.

यडूरकर_आण्णा

ह्या चर्चेत एक इसरायलासा तुमी सगळी. भाईरचं कोन येतंय ते बगा, पन आमच्या हितल्या शिंपल्या कुटं गेल्या ते बी इचारा की. आमच्या यडूरला किष्णेच्या वाळूत पाय घातला की शिंपली लागायची, हातभर पान्यात उबं ऱ्हाऊन पोरं बुट्टी भरायची. मोट्या शिंपीला दगडावर घासून मदी भोक पाडायचं की झाली कैरी सोलायची खिसनी, तिनं साल काय पातळ निगायची, आताच्या पिलरला जमत नाही. घरात बाळ झालं की धुवून ठेवल्याली शिंपी काडायची, दूद पाजायला.

आता वाळूच नाही तर शिंपली बसंल कुटं? बोटी लावून तळापतूर वाळू नेली. ऱ्हायल्यालं उन्हाळ्यात पंचगंगेकडनं काळं पानी येतंय, मासं उलटं हून वर. २०१९ च्या म्हापुरात सगळी तळी आनि नदी एक झाली, तवापासनं जाळ्यात चिलापी, मांगूर आनि त्यो काटेरी अंगाचा हेलिकॉप्टर मासा, सकर म्हंत्यात त्यो, जाळं फाडतोय आनि कोन इकत बी घेत नाही. मास्तर म्हनतोय शिंपलीच्या पिल्लाला मासा लागतोय, मग त्येला वळकीचा मासाच ऱ्हायला नसंल तर?

मास्तर_टिळकवाडी

आण्णा, लाखात एक बोललात. पिल्लाला कुठलाही मासा चालत नाही, ठरावीक जातीच चालतात, चुकीच्या माशाला चिकटलं तर त्याचं अंग ते पिल्लू झिडकारून टाकतं. चिलापी आपल्याकडं १९५२ मध्ये आणली, आफ्रिकन मांगूर पाळायला सरकारनं २००० पासनं बंदी घातलीय तरी बाजारात मिळतो ते तुम्ही बघताच. देशी मासा हटला की देशी शिंपलीची पुढची पिढी बंद, आणि जुन्या शिंपल्या बरीच वर्षं जगतात त्यामुळं वरनं कळत पण नाही. तळात सगळ्या म्हाताऱ्याच उरलेल्या असतात. बाहेरच्या शिंपलीला अशी मोकळी जागा मिळाली की तिचं आयतंच फावतं. बिघडलेल्या, वाळू उपसलेल्या, गेट टाकून अडवलेल्या नदीत फ्लुमिनिया जशी जमते तशी वाहत्या धड नदीत जमत नाही, तिकडच्या लोकांचाही अनुभव असाच आहे. फक्त धड नदी आता दाखवायची कुठली? कणकुंबीकडं मलप्रभा उगमाजवळ अजून बरी आहे, बाकी बोलायलाच नको.

हुक्केरी_ऊसवाला

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मोरचूद परत केला, दुकानदारानं तोंड वाकडं केलं. पायप हात फिरवून बघितली, धाग्यांनी चिकटलेलं काही नाही, सगळ्या तळातल्या गाळातच आहेत. फुटव्हॉल्व्हला कॅन बांधलाय, पाणी धरतंय. आता दोन विचारायचंय. होंडा उन्हाळ्यात पूर्ण सुकवला तर ह्या मरतील ना? आणि घमेलंभर काढल्यात त्यांचं करू काय, कॅनॉलला परत टाकू का, तिथल्याच आहेत म्हणून?

पंपहाऊस_गोकाक

सुकवा की, पण वरवर नको, ओलसर चिखलात आठवडा-दोन आठवडे सहज टिकतात, जमीन तडकेपर्यंत राहू द्या. त्याआधी मासे काढून विका. शेवटचं पाणी ओढ्याला काढू नका, उसाच्या सरीत सोडा.

कॅनॉलला परत कशाला, खालच्या माणसाचा फुटव्हॉल्व्ह अडकायला? पत्र्यावर वाळवा, कुटा आणि कोंबड्यांना घाला, अंड्याचं कवच चांगलं धरतं. नसतील कोंबड्या तर आण्णांच्या घरी असतीलच.

यडूरकर_आण्णा

हाईत की. पन घमेलंभरासाटी यडूरला याचं म्हंजे तिकिटाचंच पैसं जास्त हुतील. तितंच कुनाला तरी द्या.